मंडपाबाहेरचे फोटो

ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस, किमान वेतन किंवा यंत्रमागाची मजुरी ह्यांपैकीच काही सांगणार, अशी त्यांची समजूत होती. ह्या विषयांवर आम्ही तीस वर्षे बोलत आलो आहोत आणि पुढेही बोलणार आहोत. त्यासाठी वसंत ऋतूची वाट पाहावी लागत नाही. म्हणून यंदा आम्ही ‘मित्राच्या लग्नात हौसेने काढलेले फोटो’ असा विषय कळवला. चालकांपैकी एकजण काळजीच्या सुरात म्हणाले, “ह्यात इतिहास कोठे आला?” तो कोठे आला हे सांगण्यासाठीच आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. आमचे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात, रात्रपाळी उतरल्यावर. तेव्हा एखादा धागा तुटला तर श्रोत्यांनी सांधून घ्यावा.

प्रत्येकाच्या घरी लग्नाचा एक आल्बम असतो. पाहुणा आला की तो काढतात, आणि पाहुणाही तो मुकाट्याने पाहतो. पहिल्या पानावर गणपती, मग हळद, मग अंतरपाट, मग वधूवर खुर्च्यांवर बसलेले आणि आहेर करणारांची रांग. ह्या रांगेतला प्रत्येक मनुष्य पाकीट वधूच्या हातात देतो, पण पाहतो मात्र कॅमेऱ्याकडे. दीडशे फोटो उलटले तरी त्या दिवशी कोण कोणाशी काय बोलले, कोण रुसले, स्वयंपाक कोणी केला, भांडी कोणी घासली, ह्याचा पत्ता लागत नाही. मग आल्बमच्या मागच्या खिशातून एखादे पाकीट निघते. त्यात कोणा मित्राने काढलेले आठदहा फोटो असतात. वाकडे, थोडे पुसट, कोणाचे अर्धे डोके कापलेले. आणि आश्चर्य असे, की घरची माणसे आल्बम मिटून ह्या आठदहांवरच अर्धा तास बोलत बसतात. “ही बघ आत्याबाई, कशी पदर तोंडाला लावून हसते आहे!” असे होण्याचे कारण काय, ह्याचा आम्ही शोध घेऊ लागलो, आणि तो शोध आम्हांला फार मागे घेऊन गेला.

फोटोग्राफीची विद्या १८३९ साली फ्रान्समध्ये जाहीर झाली. दागेर नावाच्या गृहस्थाची चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर चित्र उमटवण्याची ती कृती होती. प्रारंभी भर उन्हात ठेवलेल्या वस्तूचे चित्र उमटण्यासही कित्येक मिनिटे लागत. १८५१ साली ओल्या काचेची रीत निघाली आणि मिनिटांची जागा सेकंदांनी घेतली. तरीही काच ओली आहे तोवरच सगळे उरकावे लागे, म्हणजे फोटोग्राफरला आपली अंधारी खोली बरोबर वागवावी लागे. माणसाने हलू नये म्हणून त्याच्या मानेमागे लोखंडी चिमटा लावीत. जुन्या फोटोंतली माणसे इतकी गंभीर का, असे पुष्कळजण विचारतात. मानेमागे चिमटा लावून कोणाला हसू येईल? रिंग खात्यात मुकादम मागे उभा असला म्हणजे आमचेही चेहरे तसेच होत.

मुंबईस फोटोग्राफीची संस्था १८५४ साली स्थापन झाली, म्हणजे मुंबईची पहिली कापडगिरणी आणि हा कॅमेऱ्याचा संघ एकाच वर्षाची अपत्ये आहेत. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे ह्या संस्थेत पुढाकाराने होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण ह्यांनी तर फोटोग्राफीचा धंदाच काढला. तेव्हा ही विद्या आमच्या लोकांनी उशिरा उचलली असे म्हणता येत नाही. परंतु फोटो कोणाचा आणि कशासाठी, हे कोण ठरवत होते? सरकारने १८६८ ते १८७५ ह्या काळात ‘पीपल ऑफ इंडिया’ नावाचा आठ खंडांचा ग्रंथ काढला. त्यात चारशेंहून अधिक फोटो आहेत. ही अमुक जात, ही तमुक जमात, असे नमुने मांडावेत तशी त्यांत माणसे मांडलेली आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे नावही दिलेले नाही. एका बाजूला राजे, शेटजी आणि त्यांची नावे, दुसऱ्या बाजूला बिननावाचे नमुने. आणि ह्या दोहोंच्या मध्ये जो कष्टकरी मनुष्य होता, त्याने स्वतःचा किंवा स्वतःच्या मित्राचा फोटो स्वतःच्या मर्जीने काढावा, ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षे संभवतच नव्हती.

लग्नाचे तर विचारूच नका. आमचे मुहूर्त गोरजाचे, किंवा दुपारी असले तरी मांडव कनातींनी बंद केलेला. उजेड नाही तेथे फोटो नाही. म्हणून जुन्या लोकांचा ‘लग्नातला फोटो’ हा पुष्कळदा लग्नातला नसतोच. लग्नानंतर काही दिवसांनी जोडपे शहरात जाऊन स्टुडिओत फोटो काढून घेई. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कधी न पाहिलेला महाल. नवरा खुर्चीवर, बायको उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर. ज्या घरी स्त्रियांना परपुरुषापुढे येण्याची चाल नव्हती तेथे आणखी अडचण. राजा दीनदयाळ ह्यांनी १८९२ साली हैदराबादेस स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तेथे फोटो काढण्यास एक इंग्रज बाई नेमली, ती ह्याच अडचणीतून. मांडवात उजेड करण्याची युक्ती १८८७ साली जर्मनीत निघाली : मॅग्नेशियमची पूड पेटवावयाची. भक्कन उजेड पडे, मागोमाग पांढरा धूर, आणि सगळ्यांचे डोळे विस्फारलेले. दिव्याच्या बंद फुग्यात हा उजेड कोंडण्याचे साधले ते १९२९ नंतर.

आता आपण त्या मनुष्याकडे येऊ, ज्याच्यामुळे हौशी फोटो शक्य झाला. जॉर्ज ईस्टमन हा अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावचा, बँकेत कारकुनी केलेला मनुष्य. १८८८ साली त्याने कोडॅक नावाचा पेटीसारखा कॅमेरा पंचवीस डॉलरला विकावयास काढला. आत शंभर फोटोंची गुंडाळी भरलेलीच असे. शंभर फोटो झाले, की पेटी जशीच्या तशी कारखान्यात पाठवावयाची. दहा डॉलर घेऊन कारखाना फोटो आणि नवी गुंडाळी भरलेली पेटी परत पाठवी. बटण दाबणे तुमचे, बाकीचे आमचे, ही त्यांची जाहिरात. पुढे १९०० साली त्याने ब्राउनी नावाचा एक डॉलरचा कॅमेरा मुलांसाठी म्हणून काढला. मुलांच्या हातून तो मोठ्यांनी कधी घेतला ते कोणाला कळलेही नाही. पंचवीस डॉलरची वस्तू बारा वर्षांत एक डॉलरला आली. त्याबरोबर फोटोग्राफर हा वेगळा मनुष्य असलाच पाहिजे ही अट गेली. घरातल्याच कोणी, पाहुण्यांतल्याच कोणी फोटो काढावा, आणि समोरच्याने त्याला ‘अरे, थांब की!’ म्हणावे, येथून खेळीमेळीचा फोटो सुरू होतो.

ह्या ईस्टमनविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय आमच्याने पुढे जाववत नाही. त्याने १९१२ पासून कामगारांना नफ्यातला वाटा देण्याची पद्धत सुरू केली. चांगली गोष्ट; आम्ही टोपी काढतो. पण त्याचा एक हेतू कामगारांनी संघटना करू नये हाही होता, आणि रॉचेस्टरच्या त्या कारखान्यात संघटनेचे पाऊल खरोखरच कधी नीट रोवले गेले नाही. देणारा हात आणि दाबणारा हात एकच असू शकतो, हे आम्ही आमच्या गावीही पाहिले आहे. असो.

जर्मनीत ऑस्कर बार्नाक ह्या यंत्रकाराने सिनेमाची फिल्म वापरणारा लायका नावाचा खिशात मावणारा कॅमेरा तयार केला, तो १९२५ साली बाजारात आला. कमी उजेडात, समोरच्याला कळू न देता फोटो घेणे त्याने साधले. पण लायका हे श्रीमंताचे काम. येथे एक स्थानिक अभिमानाची गोष्ट नमूद करतो : त्याच सुमारास, किंबहुना आधीच, आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवला होता, आणि १९२० सालच्या ‘सैरंध्री’चे नाव आजही घेतात. लेथवर हात बसलेल्या माणसाला जर्मनी काही फार दूर नसते.

स्वातंत्र्यानंतर परदेशी माल आणण्यावर बंधने आली. त्यामुळे साध्या माणसाच्या हाती कॅमेरा आला तो बडोद्यास बनलेला ‘आगफा क्लिक थ्री’. काळी, हलकी पेटी. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. पाठीमागे लाल काचेची खिडकी, तीत आकडा दिसेपर्यंत गुंडाळी फिरवावयाची. फिल्मचा प्रश्न सोडवण्यासाठी सरकारने १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. तिच्या उटकमंडच्या कारखान्यातून १९६७ पासून ‘इंदू’ नावाची फिल्म बाहेर पडू लागली. श्रोत्यांना कदाचित ठाऊक नसेल, की फिल्मवर लेप देण्याचे काम अंधारात चालते. उजेडाचा एक कवडसा आला तरी सगळा माल वाया. पाळीच्या पाळी अंधारात चाचपडत काम करणारे ते कामगार, आणि त्यांच्या फिल्मवर उन्हात हसणारी आपली वऱ्हाडी मंडळी! पुढे रंगीत फिल्म आली, मग फिल्मच गेली. तो कारखाना आजारी पडला आणि अखेर बंद झाला. लेपातले जिलेटिन जनावरांच्या हाडांचे असते हीही माहिती आम्हांला पुस्तकातून मिळाली. सोवळ्यातल्या भटजींचे फोटो कशावर टिकले आहेत, हे त्यांना न सांगितलेलेच बरे.

आता आमच्या स्वतःच्या कॅमेरेगिरीकडे वळतो. आमचा एक मित्र सूतगिरणीत कामाला होता. त्याचे लग्न १९९४ च्या मे महिन्यात झाले. मुलगी दुसऱ्या जातीची, पसंती दोघांची. त्यामुळे मंगल कार्यालय नाही, बँड नाही, मुलीच्या मामाच्या परड्यात कापडी मांडव. मामांनी गावातला फोटोग्राफर ठरवला होता. आम्हांला फोटो काढ म्हणून कोणी सांगितले नव्हते. युनियनच्या कचेरीत एका वयस्क कार्यकर्त्यांचा क्लिक थ्री पडून होता; तो मागून घेतला, काळ्यापांढऱ्या फिल्मचा एक रोल विकत आणला आणि ऐटीत गळ्यात अडकवून गेलो.

बारा फोटोंपैकी तीन मांडवातले, ते काळेठिक्कर आले. भर अक्षता पडतानाचे हे तीन. एका चौकटीवर गुंडाळी न फिरवताच दोनदा बटण दाबले, त्यामुळे मामांच्या डोक्यातून पाण्याचे पिंप उगवले आहे; मामा हयात होते तोवर आम्हांला त्याचा जाब विचारीत. उरले आठ. हे आठही फोटो उजेडाच्या पाठी लागून काढलेले, म्हणजे मांडवाबाहेरचे. चरातल्या चुलीपाशी घाम पुसणारा आचारी. नवऱ्याच्या सदऱ्याचे बटण तुटले ते अंगावरच शिवणारा गिरणीतला जोडीदार. मुंडावळ्या कानामागे सारून मोठ्याने हसणारी नवरी. असे हसणे ठरवलेल्या फोटोग्राफरपुढे तिला साधले नसते. आणि एक पंगतीचा : नवऱ्याची आई पानावर बसली आहे, नवी सून वाकून तिच्या पानात बुंदी वाढते आहे, आणि मागे आमटीची बादली घेऊन नवऱ्याचा थोरला भाऊ उभा आहे. हा भाऊ ह्या लग्नावर नाराज होता. आल्बममधल्या एकाही फोटोत तो नाही; फोटोसाठी हाक मारली की तो बाहेर निघून जाई. पण आईला घेऊन आला होता, आणि माणसे कमी पडताहेत हे पाहून त्याने मुकाट्याने बादली उचलली. आम्ही फोटो काढला तो बुंदीसाठी. तो मागे उभा आहे हे आम्हांला फोटो धुऊन आल्यावर दिसले.

ह्यानंतर पंचवीस वर्षे ह्या फोटोंचे काही काम पडले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी त्या घरात शिरले. आल्बम तीन दिवस पाण्यात राहिला. पाने एकमेकांना अशी चिकटली, की सोडवताना तोंडेच निघून आली. लग्नपत्रिका गेली. लग्नाची नोंद कचेरीत केलेली नव्हती, आमच्या वस्तीत तेव्हा कोण करीत होते? ज्या फोटोग्राफरने आल्बम केला त्याचे दुकान केव्हाच बंद झाले होते. पुढे २०२१ साली आमचा मित्र वारला.

त्याच्या पत्नीला १९९५ च्या योजनेप्रमाणे विधवेचे निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम मिळावयाची होती. कागद काढले तर वारस म्हणून थोरल्या भावाचे नाव. मित्र गिरणीत लागला तेव्हा वडील नव्हते, आई थोरल्याकडे, आणि स्वतःचे लग्न झालेले नव्हते; त्याने भावाचे नाव लिहिले ते पुढे कधी बदललेच नाही. कामगार बंधूंनो आणि भगिनींनो, येथे थोडे नीट ऐका. कुटुंब नसताना दुसऱ्या कोणाचे नाव लावले असेल आणि पुढे कुटुंब झाले, तर ते पहिले नाव आपोआप रद्द ठरते, असा भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेचा नियम आहे. तरी नवा अर्ज भरून टाकावा. नियम असणे आणि तो कारकुनाला आठवणे ह्यांत पुष्कळ अंतर असते. भावाने हरकत घेतली. असे लग्न झालेलेच नाही, त्या बाई नुसत्या राहात होत्या, असे त्याने लिहून दिले. हे लिहिणे वाईटच होते. पण त्याची बाजूही आम्हांला ठाऊक होती : धाकट्याला कामाला लावण्यापायी त्याने स्वतःचे शिक्षण सोडले होते, माग बंद पडून दोन वर्षे झाली होती, आणि कागदावर नाव आपले आहे एवढेच त्याला दिसत होते.

आम्ही आमची ट्रंक उघडली. पावतीपुस्तकांच्या खाली, पातळ कागदात गुंडाळलेल्या निगेटिव्ह शाबूत होत्या. फोटो कचेरीत नेले. साहेबांनी विचारले, “हे कोणी काढले?” आम्ही काढले. “निगेटिव्ह आहे?” आहे. मग त्यांनी आठही फोटो पुन्हा चाळले आणि म्हणाले, “ह्यात विधी कोठे आहे?” हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्याचे सातवे कलम विधींचे आणि सप्तपदीचे, साहेबांचा प्रश्न कायद्याला धरूनच होता. विधी आमच्या त्या तीन काळ्या चौकटींत होता. आमच्या फोटोंत लग्नातले सगळे होते, लग्न लागताना तेवढे नव्हते. त्या दिवशी ठरवलेल्या फोटोग्राफरविषयी आमच्या मनात प्रथमच आदर उत्पन्न झाला, हे कबूल करतो. त्याचा दिवा नसता तर हजारो घरांत तो क्षण उरलाच नसता.

पंगतीचा फोटो आम्ही त्या आठांत वेगळा काढून ठेवला होता, भाऊ समोर येईल त्या तारखेला दाखवू म्हणून. खटल्यांत असेच करतात. वहिनींना हे सांगितले, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “भावजी, त्यांना चारचौघांत खाली बघायला लावू नका. त्यांनी वाढलंय त्या दिवशी.” आम्हांला हे पटले नाही. तीस वर्षे मालकांपुढे कागद टाकण्याची सवय. हातातला हुकमाचा पत्ता असा घरी जाऊन दाखवायचा असतो काय? पण फोटो जितका आमचा, तितकाच त्यांचा होता. तेव्हा एका संध्याकाळी आम्ही भावाच्या घरी गेलो आणि तो त्याच्यापुढे ठेवला.

त्याने स्वतःकडे पाहिले की नाही ते सांगता येणार नाही. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, “आईचा फोटो तुमच्याकडं कसा?” आईला जाऊन वीस वर्षे झाली होती. त्यांच्या घरी तिचा फोटो म्हणून जो होता तो मतदाराच्या ओळखपत्रावरचा, त्यावरून मोठा करून हार घातलेला. त्यात नाक कोठे आणि डोळा कोठे ते समजत नव्हते. आम्ही प्रत देण्याचे कबूल केले आणि उठलो. हरकतीविषयी एक शब्द झाला नाही. पुढच्या तारखेला ती मागे घेतल्याचा अर्ज आला. निकाल लागला तो मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर आणि शिधापत्रिकेवर; फोटोचा त्यात उल्लेखही नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि एका लग्नात हजारो फोटो निघतात. ‘कॅन्डिड’ नावाचा एक वेगळा फोटोग्राफरही ठरवतात. तो वधूला सांगतो, की माझ्याकडे न पाहता हसा. मोबाइल बदलला की हजारांतले किती उरतात, हे ज्याचे त्याने पाहावे. आमच्या त्या एका रोलची गोष्ट निराळी नव्हती. ट्रंक कचेरीच्या माडीवर होती म्हणून वाचली एवढेच.

प्रत करून घेण्यासाठी आम्हांला कोल्हापूरला जावे लागले, कारण आमच्या गावात निगेटिव्हवरून फोटो करणारा आता कोणी राहिलेला नाही. भाऊ बरोबर आला. त्याला आईपुरताच फोटो हवा होता, भिंतीवर लावण्याजोगा. स्टुडिओतल्या मुलाने निगेटिव्ह यंत्रात घालून ते चित्र पडद्यावर मोठे केले, बादली गेली, पंगत गेली, आई तेवढी राहिली; पण तिच्या पानावर बुंदी घेऊन आलेला बांगड्यांचा हात काही केल्या चौकटीबाहेर जाईना. मुलगा म्हणाला, “काका, हात पुसून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे.” भाऊ म्हणाला, “राहू दे.” पैसे त्याने स्वतः दिले, आम्हांला देऊ दिले नाहीत.